वीस मिनिटं हलवू नये

रक्त तपासणाऱ्या बाईंना अख्ख्या हॉस्पिटलात पाठीमागे काचबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. राग होता तो काच मिळत नाही याचा. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी स्टोअरला चार अर्ज लिहिले होते. 'काचेच्या टेस्ट ट्यूब नवीन मागवाव्यात.' पहिल्या अर्जाचं काहीच झालं नाही. दुसऱ्यावर प्लॅस्टिकच्या ट्यूबचा खोका आला. तिसऱ्यावर आणखी एक खोका, तोही प्लॅस्टिकचाच. चौथ्या वेळी खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'या फुटत नाहीत.'

ती चिठ्ठी वाचून काचबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुटत नाहीत! ट्यूब फुटते की नाही हा प्रश्नच नव्हता. साप चावलेल्या माणसाचं रक्त काचेतच बघावं लागतं. काचेला टेकलं की रक्त आपोआप गोठायला लागतं, आणि प्लॅस्टिकमध्ये ते आळसावून पडून राहतं. तपासणी तशी अगदी साधी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, ती उभी ठेवायची, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त घट्ट बसलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलं असं समजायचं. यंत्र नको, वीज नको, साहेबांची सही नको. फक्त काच हवी, आणि नेमकी तीच मिळत नव्हती.

दुसरा खोका आला त्या दिवशी काचबाई स्टोअरमध्ये जाऊन भांडून आल्या होत्या. स्टोअरवाले शांतपणे म्हणाले, "बाई, ओरडू नका, लेखी द्या." झालं. त्या दिवसापासून काचबाई त्यांच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. समोरून आले तर भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागायच्या. लेखी पाहिजे ना, घ्या लेखी.

जुन्या काचेच्या ट्यूब उरल्या होत्या अकरा. त्याच धुऊन धुऊन वापरायच्या. धुवायचं काम होतं मावशींकडे. मावशी महिन्यापूर्वी धुलाईखात्यातून बदलून आलेल्या. सोमवारी एका ट्यूबच्या तळाशी काचबाईंना तपकिरी डाग दिसला आणि स्टोअरवाल्यांवरचा सगळा राग त्या बिचारीवर निघाला. "मावशी, हे काय धुणं झालं? मला ट्यूब चकचकीत पाहिजेत, चकचकीत! समजलं?" चार पेशंट, दोन नर्स आणि एक सुतार ऐकत होते. मावशींनी मान खाली घालून "हो बाई" म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला सासूबाईंचा फोन आला.

"अगं, धाकट्याला काहीतरी चावलंय. वखारीत. त्याचा सोबती गाडीवर घालून तुझ्याकडेच आणतोय. मी पण निघाले."

"काय चावलं, आई?"

"मला काय माहीत काय चावलं! साप म्हणतोय. तू बघ गं बाई."

काचबाईंचा धाकटा दीर लाकडाच्या वखारीत कामाला होता. लग्नाचं नाव काढलं की पळायचा, घरात असला की सगळ्यांची टिंगल करायचा, आणि वहिनीच्या हातचा पहिला चहा त्याचाच. ओंडके हलवताना खालून काहीतरी सळसळलं आणि करंगळीखाली डसलं, एवढंच त्याला सांगता आलं. तपकिरी होता, आखूड होता, पुढचं कोणी बघत बसलं नाही.

"वहिनी, तुम्ही इतके दिवस म्हणत होता ना, एकदा येऊन आमचं काम बघा," तो स्ट्रेचरवरून म्हणाला. "आलो बघा."

"गप्प बसा भावजी. हात खाली ठेवा."

हात मनगटापर्यंत सुजला होता. दोन टोचे दिसत होते, त्यांच्या भोवती लालसर. बाकी माणूस ठणठणीत. हिरड्या स्वच्छ, नाडी चांगली. ड्यूटीवरची डॉक्टर नवी होती, काचबाईंच्या भाचीच्या वयाची, पण कामाला चोख. तिनं हातावर पेनानं सुजेची रेघ ओढली आणि म्हणाली, "ताई, लगेच ट्यूब लावा."

काचबाईंनी दुसऱ्या हातातून रक्त काढलं, ट्यूबमध्ये सोडलं, ट्यूब स्टँडमध्ये उभी केली आणि समोर नेहमीचा कागद ठेवला, 'वीस मिनिटं हलवू नये.' घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

वीस मिनिटं. दुसऱ्यांच्या पेशंटच्या वेळी ती कशी जायची ते काचबाईंना कळायचंही नाही. त्या दिवशी सेकंदकाटा चिखलातून चालल्यासारखा चालत होता. तेवढ्यात सासूबाई पोचल्या आणि दर दोन मिनिटांनी दारातून डोकावू लागल्या.

"झालं का गं?"

"नाही, आई."

"जरा हलवून बघ की."

"हलवायची नसते, आई."

"मग नुसतं बघत काय बसायचं?"

"तेच काम आहे ते."

सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला कारण होतं. हा मुलगा बारा वर्षांचा असताना त्याला एकदा साप चावला होता. तेव्हा विषावरचं इंजेक्शन दिल्यावर त्याचा घसा सुजला, ओठ निळे पडले, श्वास अडकला. सापानं नाही, औषधानंच पोरगा जात होता, असं त्या अजून सांगायच्या. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. काचबाईंना तर ती लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकवली गेली होती.

दहा वाजता काचबाईंनी ट्यूब उचलली आणि तिरकी केली.

रक्त सरळ काचेवरून वाहत आलं.

डॉक्टर मागेच उभी होती. "गोठलं नाही. विष आहे. ताई, मी इंजेक्शन सुरू करते."

काचबाईंना विष काय करतं ते नवीन नव्हतं. अशा सापाचं विष रक्त गोठवणारी सगळी सामग्री भलत्याच वेळी कामाला जुंपतं. अंगभर बारीक बारीक गुठळ्या करण्यात ती सगळी खपून जाते, आणि खरंच कुठं जखम झाली की गोठवायला शिल्लक काही राहत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, जिथं सुई टोचली तिथून रक्त यायला लागतं. पोटात, डोक्यातसुद्धा. हे सगळं त्यांना माहीत होतं. पण माणूस बाहेर खाटेवर बसून नर्सला विनोद सांगत होता, आणि हातातली ट्यूब जरा जास्तच चकाकत होती. त्यांनी ती उजेडात धरली. वरच्या कडेला, रक्त लागलं नव्हतं तिथं, काचेवर पातळसा रंगीत पापुद्रा दिसला. त्यांनी स्टँडमधली दुसरी रिकामी ट्यूब उचलून हुंगली.

"मावशी!"

मावशी धावत आल्या.

"या ट्यूब कशानं धुतल्या?"

"साबणानं, बाई." मावशींच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं होतं. "चादरीवरचं रक्त निघतं ना, त्याच पावडरीनं. रात्रभर भिजत घातल्या होत्या. सगळ्या. बघा की, एक डाग नाही."

काचबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. काचेवर साबणाचं पुट राहिलं की काचेचा गुण जातो. चांगल्या माणसाचंही रक्त त्यात गोठत नाही. हे मावशींना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. सांगायचं होतं काचबाईंनी, आणि त्यांनी काय सांगितलं होतं, तर चकचकीत.

"डॉक्टर, थांबा. ही ट्यूब खोटी आहे. साबणानं धुतलीय."

"म्हणजे रक्त गोठतंय असं म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही, असं म्हणायचंय."

"मग मी नाही थांबत. सूज वाढतेय."

"सूज अर्धं बोट वाढलीय. कुठंही रक्त येत नाहीये. चावला तरी साप कधी कधी विष सोडत नाही, हे तुम्हालाही माहितीय. आणि भावजींना हेच औषध एकदा बाधलंय. घसा बंद झाला होता. तुम्ही खोट्या ट्यूबवर ते पुन्हा टोचणार?"

"त्याची तयारी ठेवता येते, ताई. बाधलं तर उतारा हाताशी आहे."

"वीस मिनिटं द्या मला. फक्त वीस. मी सिद्ध करून दाखवते."

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. बावीस वर्षं रक्त बघणारी बाई आणि दोन महिने डॉक्टरकी करणारी मुलगी, यात कोणाचं वजन जास्त पडणार ते ठरलेलंच होतं. "बरं. वीस मिनिटं," ती म्हणाली, आणि तिला ते पटलेलं नव्हतं हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

काचबाईंनी काय केलं? स्वतःची बाही वर केली, नर्सला म्हणाल्या, "माझं काढ." स्वतःचं दोन मिली रक्त त्याच साबणाच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये घातलं, स्टँडमध्ये उभं केलं आणि घड्याळ लावलं. दहा वाजून पाच. आपलं रक्त चांगलं आहे, ते गोठायलाच हवं. नाही गोठलं म्हणजे दोष ट्यूबचा. बिनतोड युक्तिवाद. त्या हाताची घडी घालून ट्यूबसमोर बसल्या, आणि मनातल्या मनात स्टोअरवाल्यांना पाचवा अर्ज लिहू लागल्या. असा अर्ज, की वाचून त्यांची झोप उडाली पाहिजे.

"वहिनी, तुम्हाला पण चावला का?" बाहेरून दिराचा आवाज आला. नर्स हसली. काचबाईंनाही जरा हसू आलं. सासूबाई दारात म्हणाल्या, "नको गं ते इंजेक्शन, नाही ना देत?" काचबाई म्हणाल्या, "नाही आई, मी आहे ना."

दहा पंचवीसला त्यांनी स्वतःची ट्यूब तिरकी केली. रक्त वाहिलं. पाण्यासारखं.

"बघा!" काचबाई जवळजवळ ओरडल्याच. "माझंही गोठलं नाही. मला काय साप चावलाय? म्हटलं होतं ना, ट्यूब खोटी आहे!"

डॉक्टरनं ट्यूबकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"हो. ट्यूब खोटी आहे. आणि त्यांचं काय?"

दिराचं काय ते त्या ट्यूबमध्ये नव्हतंच. वीस मिनिटं खर्चून त्यांनी एवढंच सिद्ध केलं होतं की काचबाई म्हणतात ते बरोबर असतं.

"चांगली काच पाहिजे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण बिल्डिंगमध्ये एकही नाही. अकराच्या अकरा भिजवल्यात."

"स्टोअरमध्ये विचारलंत?"

"चार वेळा लिहिलंय."

"लिहिलंय. विचारलंत का?"

डॉक्टरनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिथंच टेबलावरचा फोन उचलला. "काचेच्या टेस्ट ट्यूब आहेत का हो तुमच्याकडे? कोऱ्या. जुन्या असल्या तरी चालतील." पलीकडचं बोलणं काचबाईंना ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. तिनं फोन ठेवला. "आणतायत ते."

तीन मिनिटांत स्टोअरवाले खोका घेऊन आले. धुळीनं माखलेला, पण सीलबंद. आत कागदात गुंडाळलेल्या पन्नास काचेच्या ट्यूब, एकीलाही कधी कोणाचा हात लागलेला नाही.

"हे कुठं होतं?" भांडणानंतर काचबाईंनी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मागच्या कपाटात. जुना साठा. मोडीत काढायचा होता."

"मी चार अर्ज दिले!"

"नवीन मागवा असं लिहिलंय त्यात. नवीन मिळत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकच्या पाठवल्या. जुन्या आहेत का, असं कुठं लिहिलंय?" ते वाद घालायला आलेले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "तोंडानं विचारलं असतंत तर त्याच दिवशी दिल्या असत्या. तुम्ही तर बोलतच नव्हता."

काचबाईंनी खोका फोडला. एरवी त्यांनी त्या माणसाला असा धुतला असता की पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढला नसता, पण तेवढा वेळच नव्हता. दिराच्या हातातून पुन्हा रक्त काढायला त्या बाहेर गेल्या तेव्हा दहा वाजून तीस मिनिटं झाली होती. रक्त काढलं, कोऱ्या काचेत घातलं, ट्यूब उभी केली. तोपर्यंत डॉक्टरनं सलाइन लावलं होतं, उताऱ्याचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि प्रतिविषाच्या दहा बाटल्या फ्रिजमधून काढून ओळीनं मांडल्या होत्या. तिनं हे सगळं आपणहून केलं होतं, कोणालाही न विचारता.

बारा मिनिटं झाली असतील.

"वहिनी," दिरानं हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. "हा कापूस बदलता का जरा? भिजलाय."

काचबाई उठल्या. पहिल्यांदा जिथून रक्त काढलं होतं, नऊ चाळीसला, तिथला कापूस होता तो. वास्तविक दोन मिनिटांत तिथलं रक्त थांबतं. एका तासानंतर कापूस लालभडक होता, खाली चादरीवर तळहाताएवढा डाग पडला होता, आणि टोचल्याच्या जागेवरून एकसारखं रक्त झिरपत होतं. त्यांनी दिराचा खालचा ओठ ओढून बघितला. हिरड्यांच्या कडेला बारीक लाल रेघ होती.

"डॉक्टर!"

ट्यूबची आठ मिनिटं अजून बाकी होती. त्यांची कोणाला गरज उरली नव्हती. डॉक्टरनं बाटल्या फोडायला सुरुवात केली.

पुढचा तास काचबाईंना नीट आठवत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. सहाव्या-सातव्या मिनिटाला दिराच्या अंगावर गांधी उठल्या, तो खाजवायला लागला, घसा खाकरला. सासूबाई किंचाळल्या. डॉक्टरनं सलाइन थांबवलं, मांडीत उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं नाडीवर बोट ठेवून उभी राहिली, मग पुन्हा हळूहळू सुरू केलं. घसा सुजला नाही. ओठ निळे पडले नाहीत. ज्याची घरादारानं वीस वर्षं धास्ती घेतली होती ते पंधरा मिनिटांत आवरलं. नंतर, दहा पन्नासलाच वीस मिनिटं भरलेली ट्यूब काचबाईंनी सव्वाअकराला तिरकी केली. सवयीनंच. कोऱ्या, स्वच्छ, बिनसाबणाच्या काचेवरून दिराचं रक्त वाहत खाली आलं.

दुपारी त्याची लघवी लाल झाली. डॉक्टर म्हणाली, मूत्रपिंडांवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागेल. संध्याकाळी पाचला पुन्हा ट्यूब लावली. या वेळी वीस मिनिटांनी रक्त तळाशी घट्ट बसलं होतं. उलटी केली तरी हललं नाही. काचबाई ती ट्यूब हातात धरून खुर्चीवर बसल्या आणि रडल्या, एकट्याच, आवाज न करता. आनंद होता त्यात, आणि स्वतःवरचा संतापही होता.

डॉक्टर रक्तदाब लिहीत होती. काचबाईंनी तिला विचारलं, "दहालाच दिलं असतं तर लघवीत रक्त आलं नसतं, नाही का?"

"सांगता नाही यायचं, ताई."

"नसतंच आलं."

"कदाचित आलंही असतं. कोणालाच सांगता येणार नाही." तिनं पेन बंद केलं. तिच्या आवाजात खोच नव्हती, आणि काचबाईंना तेच जास्त लागलं. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

मावशी दाराशी उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. "बाई, माझ्यामुळं झालं का?"

"नाही," काचबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. नुसती ओरडले होते."

बाहेर बाकावर सासूबाईंनी दरबार भरवला होता. वखारीतला सोबती, दोन शेजारणी, समोरच्या पेशंटची आई, सगळ्यांना त्या रंगवून सांगत होत्या. "आमच्या सूनबाईचं डोकं बघा! बाकीच्यांना काही कळलं नाही. हिनं नुसतं हुंगून ओळखलं, ट्यूबला साबण आहे म्हणून. डॉक्टरणीला थांबवलं. स्वतःचं रक्त काढून दाखवलं, स्वतःचं! हिच्यामुळं वाचला माझा मुलगा."

काचबाई आल्या तशा सासूबाईंनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि चार लोकांत सासूबाईंनी असं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. शेजारणी माना डोलवत होत्या, डॉक्टर काही बोलणारी नव्हती, आणि दिराला तर आत झोप लागली होती.

"आई, तसं नाही झालं," काचबाई म्हणाल्या.

"तसं नाही म्हणजे?"

"डॉक्टर दहालाच औषध देत होत्या. मी देऊ दिलं नाही. वीस मिनिटं माझंच रक्त बघत बसले. मग काच शोधण्यात गेली, मग पुन्हा ट्यूब. चाळीस मिनिटं झाली. तेवढा वेळ विष त्यांच्या अंगात होतं."

"पण साबण होता ना ट्यूबला? तू खरंच सांगत होतीस ना?"

"हो. ते खरंच होतं."

"मग?"

"मग काही नाही. ट्यूब खोटी होती आणि भावजींना विषही चढलं होतं. मी एकच बघितलं."

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. वखारीतला सोबती चपला शोधायला लागला. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवरचा हात काढून घेतला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मुलाच्या खाटेजवळ जाऊन बसायला निघाल्या. रोज कुठंही जाताना त्या सुनेला "चल गं" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.